पहेलवानाच्या छातीचा फोटो

चांदूर बाजारच्या बाजारात आमची गाडी पहिल्यांदा उभी राहिली, त्या दिवशी अर्धा गाव लग्नाला निघाल्यासारखा नटून आला होता. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, तोंडाला पावडर लावली होती. एका माणसानं शेजाऱ्याचा कोट घातला होता आणि तो शेजारी आपल्या कोटावर नजर ठेवून त्याच्या मागोमाग रांगेत उभा होता. झालं होतं असं, की आदल्या दिवशी दवंडीवाल्यानं आमचं लांबलचक सरकारी वाक्य आपल्या परीनं सोपं केलं होतं. उद्या सरकार सगळ्यायचा फोटो काढनार हाये, फुकट, एवढंच त्यानं गावभर ओरडून सांगितलं. ‘छातीचा’ हा शब्द त्याला फारसा महत्त्वाचा वाटला नसावा.

फोटो आतल्या फुप्फुसांचा आहे, तोंड त्यात येतच नाही, हे कळल्यावर जो गलका झाला तो मला आजही ऐकू येतो. एक म्हातारबाबा तर फारच नाराज झाले. त्यांनी त्यासाठी सकाळीच दाढी केली होती.

त्या गाडीवर मी एक्स-रे सहायक होते. माझं नाव कमल. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं आणि तेव्हापासून वडिलांनी एकच गोष्ट लावून धरली, की पोरगी शिकणार आणि सरकारी नोकरीत जाणार. मी मॅट्रिक झाले, नागपूरला जाऊन एक्स-रेचं प्रशिक्षण घेतलं आणि अमरावतीच्या क्षयरोग केंद्रात लागले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. मोटारगाडीत पुढच्या सीटवर बसून जिल्हाभर फिरणारी बाई आमच्या गल्लीनं तोवर पाहिली नव्हती. खरं म्हणजे मीही पाहिली नव्हती. सुरुवातीचे कितीतरी दिवस गाडी सुरू झाली की मला हसू फुटायचं. कारण काही नसायचं. गाडी चालते आहे, मी आत बसले आहे आणि याचा मला पगार मिळतो, एवढंच.

गाडीवर आम्ही तिघं. डॉक्टर गावंडे, मी आणि ड्रायव्हर रहीमभाई. डॉक्टर गावंडे शेतकरी घरातले, दर्यापूरकडचे. बोलायला कमी आणि विनोद केला तरी चेहरा तसाच ठेवणारे. रहीमभाई काडीसारखे बारीक, तोंडात कायम पान, आणि गाडीच्या मागे जोडलेल्या जनरेटरवर त्यांचा जीव. तो जनरेटर सुरू झाला की पलीकडच्या गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची.

आमचं काम काय होतं ते सांगते. क्षयरोग फुप्फुसात शिरला की पुष्कळ दिवस माणसाला पत्ताच नसतो. थोडा खोकला, संध्याकाळी थोडी कणकण, तेवढ्यानं शेतकरी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. तोवर घरातल्या चार जणांना त्याची लागण होते. म्हणून माणसानं दवाखान्यात यायची वाट न पाहता दवाखान्यानंच गावात जायचं, असं ठरलं आणि ही गाडी आली. गाडीत माणूस एका पाटीला छाती टेकवून उभा राहायचा. मी म्हणायची, दम घ्या, रोका. खट्ट आवाज व्हायचा. सोडा. झालं. पाटीच्या मागे एक पडदा क्षणभर उजळायचा आणि त्या पडद्याचा लहानसा फोटो गुंडाळीच्या फिल्मवर निघायचा. अमरावतीला आल्यावर ती फिल्म धुवून डॉक्टर भिंगातून एकेक छाती बघायचे. जिच्यात संशय वाटेल त्या माणसाला पुन्हा बोलवायचं, मोठा फोटो काढायचा, बेडका तपासायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण छातीवर धातूचं काही असलं की तेही फोटोत उमटतं. एकदा डॉक्टर एका फोटोवर बराच वेळ अडकून बसले. डाव्या फुप्फुसात एक गोल, कडा अगदी स्वच्छ असलेली सावली. एवढी रेखीव गाठ त्यांनी पुस्तकातही पाहिली नव्हती. माणसाला परत बोलावलं तेव्हा उलगडा झाला. त्यानं नवीन मनगटी घड्याळ घेतलं होतं आणि फोटोत ते यावं म्हणून सदऱ्याच्या खिशात छातीवर ठेवून उभा राहिला होता. डॉक्टरांनी त्याचं घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि म्हणाले, “तब्येत चांगली आहे.” मी काळोख्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबला.

बायांचे दागिने उतरवून घेणं, ते सांभाळणं, त्यांना पडद्याआड नीट उभं करणं, हे माझं काम. माझ्यामुळेच बाया गाडीत चढायच्या. तरी पहिला प्रश्न फोटोचा नसायचा. एका गावात एक आजीबाई गळ्यातली पोत काढून माझ्या हातात देण्याआधी थांबल्या आणि मला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, “तू कोनाची वं?” मी म्हटलं, “सरकारची.” त्यांनी त्यावर विचार केला. पोत माझ्या हातात न देता खुंटीला अडकवली, पण उभ्या राहिल्या आणि दमही नीट रोकला. मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण आजीबाई जाताना आपल्या तिन्ही सुनांना दटावून गाडीत चढवून गेल्या. मग कुठला राग धरायचा.

डॉक्टरांचं फोटो वाचणं हा वेगळाच प्रकार होता. एक फिल्म ते वाचायचे, मग तीच केंद्रातले दुसरे डॉक्टर वेगळी वाचायचे आणि दोघांचं जुळलं नाही तर वाद. डोळे लाल व्हायचे. परवा माझ्या भाचीच्या मुलीनं अकोल्याच्या दवाखान्यात मला मुद्दाम नेऊन दाखवलं, आता छातीचा फोटो संगणक वाचतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याला. फोटो आत गेला आणि पापणी लवायच्या आत संशयाच्या जागी लाल रंग पसरला. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीचा हातच घट्ट धरला. गावंडे डॉक्टर असते तर त्यांनी त्या यंत्राला खुर्ची दिली असती, चहा विचारला असता आणि मग त्याच्याशी वाद घातला असता.

आता नामदेव पहेलवानाकडे येते.

चांदूर बाजारजवळ एक गाव होतं, त्याचं नाव लिहीत नाही. तिथं आमच्या गाडीविषयी बातमी पसरली होती की आत माणसाचं रक्त ओढून घेतात. गाडी दिवसभर उभी आणि जवळ कोणी येईना. डॉक्टर गावात गेले आणि तिथला सगळ्यात दांडगा माणूस घेऊन आले. हा नामदेव. दरवाज्यातून आत येताना त्याला आडवं व्हावं लागलं. दंड असे की सदऱ्याची बाही कापून घेतलेली. गावातल्या कुस्त्यांच्या दंगलीत त्याला कोणी पाडलेलं नव्हतं आणि पंचक्रोशीत त्याच्या नावानं लोक पैज लावायचे. तो हसत हसत पाटीला छाती टेकवून उभा राहिला. त्याची छाती पाटीत मावेना. मी दोन वेळा उभं राहायला सांगितलं. खट्ट झालं आणि तो बाहेर जाऊन हात वर करून लोकांना दाखवून आला, की पाहा, रक्त आहे तेवढंच आहे. मग लोक आले. फार नाहीत, पण आले.

अमरावतीला फिल्म धुतली तेव्हा डॉक्टर एका फोटोपाशी थांबले. भिंग बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग मला बोलावलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात धुरकट पांढरं होतं आणि त्याच्या मधोमध एक काळं वर्तुळ. फुप्फुस आतून पोखरलं गेलं की असं भोक दिसतं. फोटो नामदेवचा होता.

दुसऱ्या कोणाचा असता तर चिठ्ठी गेली असती. इथं डॉक्टर स्वतः निघाले आणि मला बरोबर घेतलं. नामदेव घरीच होता. बायको गिरजाबाई आणि लहान मुलगी. मुलगी त्याच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटलीतलं खात होती. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नामदेव ऐकत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. त्यानं डॉक्टरांचा हात धरून आपल्या दंडावर ठेवला.

“हे पाहा डाक्टर, अन् मंग सांगा क्षय कोनाले हाये.”

डॉक्टरांनी खिशातून दोन छोटे फोटो काढून उजेडाकडे धरले. एक नामदेवचा. दुसरा रहीमभाईंचा, मशीन तपासताना काढलेला. ही छाती साफ आहे, म्हणाले, आणि ही तुझी. नामदेवनं दाराबाहेर पाहिलं. तिथं रहीमभाई गाडीच्या चाकाला टेकून पान चघळत उभे होते. त्यांच्याकडे बघून नामदेवला जो अपमान वाटला, तो क्षयरोगानंही वाटला नसता. त्यानं सरळ आरोप केला की तुम्ही फोटो बदलले, याचा मला दिला आणि माझा याला.

डॉक्टर उठले. मी मात्र चुलीपाशी गिरजाबाईजवळ बसले होते. ती अंगानं बारीक, बोलायला शांत. तिनं मला हळू विचारलं, फोटो खरा हाये का. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली की रात्री त्याला घाम येतो, अंथरूण ओलं होतं, आणि आखाड्यातल्या मातीचा खोकला म्हणून तो खोकतो तो खोकला मातीचा नाही, हे तिला केव्हाचं माहीत आहे. त्याला सांगितलं तर हसतो.

ती पदर खोचून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, “उद्या अमरावतीले चाला. नाईतर पोरीले घेऊन मी माहेरी जातो. मंग पाडत बसा लोकायले.”

नामदेव पहेलवान दुसऱ्या दिवशी अमरावतीला हजर होता. पण त्याची अट होती. फोटो त्याच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे आणि त्याच्या डोळ्यांदेखत धुतला गेला पाहिजे. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, कमलबाई दाखवतील.

आमची काळोखी खोली म्हणजे एका माणसाला वळायला जेमतेम जागा. तिच्यात नामदेव, त्याच्या मागे दाराशी चेपलेली गिरजाबाई आणि पुढे मी. एक बारीक लाल दिवा. औषधाचा आंबट वास. नामदेवचा श्वास माझ्या डोक्यावर पडत होता. हलू नका, कशाला हात लावू नका, असं मी दहादा बजावलं आणि त्यानं तिकडे एक बाटली कोपरानं पाडलीच. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

मी चौकटीत फिल्म अडकवून औषधात बुडवली. सुरुवातीला काही दिसत नाही. कोरी फिल्म. मग हळूहळू दोन्ही बाजूंना काळं धरायला लागतं, ती फुप्फुसातली हवा. त्या काळ्यातून एकेक फासळी पांढरी उरत जाते. मी किती वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी मला वाटायचं की माणूस आतून चालत बाहेर येतो आहे. मी चौकट वर उचलून लाल दिव्यासमोर धरली. माझ्या डोक्यावरचा श्वास थांबला.

“हा मी आहो?” नामदेवनं विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यानं बोट पुढे केलं, पण फिल्मला लावलं नाही. उजव्या बाजूचं ते वर्तुळ आता स्पष्ट झालं होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीत ते अगदी लहान दिसत होतं, लिंबाएवढं.  मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकलेला नव्हता.

“माह्या पोरीले लागन का बाई?”

मागे गिरजाबाई रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती. मी सांगितलं की आत्ताच सांगता येत नाही, पोरीचा फोटो काढू, तुमचाही काढू गिरजाबाई, आणि औषध सुरू होऊन थोडे दिवस गेले की यांच्यापासून कोणाला लागणार नाही. औषध आहे. हे ‘औषध आहे’ म्हणणं त्या काळात काय होतं, ते आजच्या माणसाला सांगून कळायचं नाही. माझ्या स्वतःच्या काकांना क्षय झाला तेव्हा औषध नव्हतं. त्यांना फक्त गावाबाहेरचं खोपट होतं.

मुलीची छाती साफ निघाली. गिरजाबाईची साफ निघाली. त्या दिवशी मी केंद्राच्या आवारात सगळ्यांना ती बातमी सांगत फिरले, ज्यांना नामदेव कोण हे माहीत नव्हतं त्यांनासुद्धा.

उपचार घरीच करायचे ठरले. रोज इंजेक्शन, गोळ्या, आणि कडू पावडरीच्या मोठमोठ्या पुड्या. ओसरीवर वेगळं झोपायचं, झाकणाच्या डब्यात थुंकायचं. कुस्ती बंद. नामदेवनं सगळं मान डोलावून ऐकलं. मग केंद्रातल्या कंपाउंडरनं पहिली सुई वर धरून हवा काढली आणि पहेलवान बसल्या बाकावरून खाली आडवा झाला. बेशुद्ध. आम्ही चौघांनी मिळून त्याला उचलायचा प्रयत्न केला, तो हलेना. रहीमभाई पाणी घेऊन धावत आले आणि एकंदर परिस्थिती पाहून मला म्हणाले, “बाई, जिसको पूरे तालुके में कोई गिरा नै सका, उसको सुईने चित कर दिया.” पुढे गिरजाबाईनं तोडगा काढला. सुईच्या वेळी ती त्याचं डोकं पदरात झाकून घ्यायची आणि कानात मुलीच्या खोड्या सांगत राहायची.

पण खरी अडचण पुढेच होती. गावची जत्रा तोंडावर आली होती, जत्रेत दंगल होती आणि अकोल्याच्या महादू पहेलवानाशी नामदेवची कुस्ती आधीच जाहीर झालेली. त्या अवस्थेत तो लढला असता तर छातीतून रक्त येऊन आखाड्यातच संपला असता. नाही लढला तर गावभर होणार होतं की नामदेव भ्याला. आजाराचं खरं कारण सांगितलं तर त्याहून वाईट. क्षयवाल्या घरी पाणी कोण पिणार, पोरीला पुढे मागणी कोण घालणार. डॉक्टरांनीच त्याला सुचवलं की हात मुरगळला म्हणून सांग, मी लिहून देतो. नामदेव हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही.

जत्रेला आमची गाडी मुद्दाम नेली होती. सकाळपासून ती आखाड्याच्या कडेला उभी, आणि तिच्याकडे कोणी फिरकेना. रक्त ओढण्याची अफवा पुन्हा ताजी झाली होती. मी गाडीच्या पायरीवर चढून दंगल बघत होते. बायांना आखाड्याजवळ कोणी येऊ देत नसे, पण सरकारी पायरीवरून मला कोण उठवणार.

डफडं वाजत होतं. महादू पहेलवान लंगोट लावून, अंगाला तेल आणि लाल माती चोळून, मांडीवर थापा मारत फिरत होता. मग नामदेव आला. धोतर आणि सदऱ्यावर. लोकांत कुजबूज झाली. तो आखाड्यात उतरला, वाकून माती कपाळाला लावली आणि डफडेवाल्याला हातानं थांबवलं.  डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

नामदेव म्हणाला, “आज मी लढत नाई. माह्या छातीत भोक हाये. क्षय हाये मले. या गाडीनं दाखवलं, मी माह्या डोयानं पायलं. औषध सुरू हाये अन् मी बरा होनार हावो. ज्याले वाटते नामदेव भेला, त्यानं पयले त्या पाटीले छाती लावून यावं, अन् मंग बोलावं.”

  नामदेव तसाच मध्ये उभा. त्याच्या भोवती जागा मोकळी होत चालली होती, लोक हळूच मागे सरकत होते, आणि तो ते बघत होता. मला तो क्षण सोसवला नाही.

महादू पहेलवान त्या मोकळ्या जागेतून चालत आला. नामदेवसमोर उभा राहिला, त्याच्या खांद्यावर मातीचा हात ठेवला आणि वळून आमच्या गाडीकडे निघाला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, “मले पाहा बाई पयले.”

त्यानंतर जे झालं त्याला मी काय नाव देऊ. सगळे पहेलवान त्याच्यामागे आले, पहेलवानांमागे डफडेवाले, त्यांच्यामागे पंच, आणि मग जत्राच वळली. लंगोट लावलेली, तेलानं निथळणारी, लाल मातीनं माखलेली माणसं एकामागे एक गाडीत चढायला लागली. आमची पाटी लाल झाली, माझे हात लाल झाले, माझं पांढरं लुगडं तर होळी खेळल्यासारखं झालं. दर माणसामागे मी पाटी पुसायची आणि दर माणूस ती पुन्हा माखायचा. वर पहेलवानांना मी दम रोका म्हटलं की त्यांची चढाओढ लागायची. खट्ट आवाज होऊन गेला, मी सोडा सोडा म्हणते आहे, आणि समोरचा माणूस लालबुंद होऊन दम धरून उभाच. मागचा बाहेरून ओरडून विचारायचा की यानं किती वेळ धरला. शेवटी मी एकाच्या पोटाला बोट टोचलं तेव्हा त्यानं श्वास सोडला, आणि त्या वाऱ्यानं माझ्या टेबलावरची कार्डं उडाली.

बायांची रांग वेगळी लागली. लुगड्यातल्या, पाचवारीतल्या, कडेवर पोरं घेतलेल्या. दागिने ठेवायला माझ्याकडची पेटी भरली, तेव्हा गिरजाबाई येऊन बसली आणि तिनं पदर पसरून त्यात सगळ्यांचे दागिने घेतले. क्षयवाल्याच्या बायकोच्या पदरात गावानं आपलं सोनं ठेवलं. बाहेर जनरेटर तापून शिट्टी घालायला लागला. रहीमभाई ओली पोती त्याच्यावर टाकत होते आणि त्याला बापा, बेटा, राजा, जे सुचेल ते म्हणत होते. डॉक्टर गावंडे, जे वर्षात एकदा हसायचे, ते गाडीच्या दाराशी उभे राहून लोकांना एकेक करून आत सोडताना चक्क गाणं गुणगुणत होते. मी ते रहीमभाईंना दाखवलं. रहीमभाईंनी पान थुंकून खात्री करून घेतली.

दुपार कलायच्या आत फिल्म संपली. मी हे बाहेर सांगितलं तर लोक भांडायला उठले. कालपर्यंत ज्या गाडीला भीत होते तिच्यात जायला मिळत नाही म्हणून भांडण. डॉक्टरांनी कबूल केलं की लवकरच पुन्हा येऊ, आणि आम्ही खरंच पुन्हा गेलो. त्या गर्दीतले काही फोटो क्षयाचे निघाले. पण लवकर सापडलेले होते. औषधानं भागण्यासारखे.

हे सगळं आनंदानं लिहिते आहे खरं, पण प्रत्येक गावात नामदेव नव्हता. त्याच वर्षी आम्ही वर मेळघाटात सेमाडोहला गेलो होतो. तिथल्या एका कोरकू बाईचा फोटो अगदी नामदेवसारखा होता, तीच जागा, तेच वर्तुळ. फोटो काढताना ती इतकी हसली होती की मला तो दोनदा काढावा लागला. निरोप पाठवला, पण पाऊस लागला, घाटातला रस्ता बंद झाला आणि रोज सुई टोचायला तिथं कोणी नव्हतं. आम्ही वर पोचलो तेव्हा ती गेली होती.  डॉक्टर परत येताच वरच्या साहेबांशी भांडले, की जिथं औषध पोचवता येत नाही तिथं नुसता फोटो काढायला मला पाठवू नका. पुढे तिथं कंपाउंडर नेमला गेला. त्या बाईचं नाव मला आठवतं. इथं लिहीत नाही.

नामदेवचं औषध वर्ष उलटून गेलं तरी चालूच होतं. पुड्या पोटात ठरायच्या नाहीत. मध्ये एकदा त्याला इतकं बरं वाटायला लागलं की त्यानं औषध सोडलं आणि पहाटे आखाड्यात जाऊन जोर मारायला लागला. गिरजाबाई आखाड्यात गेली. बाईनं आखाड्यात पाय ठेवायचा नाही, हा तिथला नियम. ती मधोमध जाऊन बसली आणि त्यानं पुडी खाल्ल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. सगळ्या चेल्यांसमोर नामदेवनं पुडी खाल्ली. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना छाती फुगवून सांगितलं, जणू ती कुस्ती त्यानंच जिंकली होती. तो पुन्हा कधी दंगलीत उतरला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. तो पोरांना डाव शिकवायला लागला, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी आमच्या गाडीत पाठवायचा.

शेवटचा फोटो काढायचा दिवस आला तेव्हा दोघंही अमरावतीला आली. फोटो मीच काढला, मीच धुतला. ओली फिल्म घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरली. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी कधी नव्हे ते एकाच वेळी एकच गोष्ट सांगितली. वर्तुळ गेलं होतं. त्या जागी एक बारीक पांढरी रेघ उरली होती, जखम भरल्यावर उरते तशी.

बाहेर आवारात नामदेव उकिडवा बसला होता. डॉक्टर त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, “साफ आहे.” नामदेव उठला, डॉक्टर गावंड्यांना कमरेला धरून उचललं, खांद्यावर घेतलं आणि आवारात पळत सुटला. डॉक्टरांचा चष्मा एका कानावर लोंबत होता आणि ते अगदी सभ्य आवाजात, आता खाली ठेव, असं म्हणत होते. रांगेतले पेशंट उठून बाजूला झाले. मी हसून हसून भिंतीला टेकले.

गिरजाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, वाकली, आणि मला दोन्ही हातांनी कवेत घेऊन जमिनीवरून उचललं. माझी चप्पल गळून पडली.

“काहून वं बाई,” ती म्हणाली, “कितीक हलकी तू. जेवत नाई का?”

मी म्हटलं, जेवते. ती काही ऐकेना. रहीमभाईंनी गाडीत चढून भोंगा दाबला तो सोडेनात, तिकडे डॉक्टरांची दुसरी फेरी सुरू झाली होती, आणि गिरजाबाई मला खाली ठेवायला तयार नव्हती.